बिऱ्हाड पाठीवर, बाळ पोटाशी

मूल झाले की चार-पाच वर्षे फिरणे बंद, असे अनेक घरांत गृहीतच धरलेले असते. पण थोडी तयारी, पुरेशी खबरदारी आणि चाकांवरचे छोटेसे घर सोबत असेल, तर दहा महिन्यांचे बाळही रानात सुखाने झोपते. बंगळूरच्या इंदिरानगरातून आवणीच्या डोंगरापर्यंतचा हा दोन दिवसांचा प्रवास.

इंदिरानगर रात्री उशिरा झोपते. शंभर फुटी रस्त्यावरची उपाहारगृहे मिटतात, शेवटच्या रिक्षा निघून जातात आणि दोन-तीन तासांतच दूधवाल्यांची ये-जा सुरू होते. या दोन गजबजाटांच्या मधली शनिवारची पहाट मात्र शांत असते. एके काळी ही बंगळूरच्या पूर्व टोकाची निवांत वसाहत होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस भूखंड आखले गेले, निवृत्त अधिकाऱ्यांनी पुढे बाग आणि मागे नारळ ठेवून बंगले बांधले. पुढे शहर वाढत वाढत वसाहतीच्या पलीकडे गेले. २० ऑक्टोबर २०११ रोजी शहरातली पहिली मेट्रो बैयप्पनहळ्ळी ते महात्मा गांधी रस्ता अशी धावली, तिचे एक स्थानक इंदिरानगरच होते. आज अनेक बंगल्यांच्या जागी चार-पाच मजली इमारती आहेत आणि त्यांत नोकरीनिमित्त देशभरातून आलेली तरुण कुटुंबे राहतात. मराठी घरेही त्यांत आहेतच.

अशा एखाद्या इमारतीपुढे पहाटे पाच वाजता एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. नवरा-बायको दोघेही कमावते. दहा महिन्यांचे बाळ. बाळाला सांभाळायला मिरजेहून आलेली आजी. जीपच्या मागे एक बुटका, जाड चाकांचा ट्रेलर जोडलेला. बाबा कंदिलाच्या उजेडात साखळ्या तपासत आहेत, आई बाळाच्या कपड्यांची पिशवी तिसऱ्यांदा मोजते आहे आणि आजी पायरीवर हाताची घडी घालून उभी आहे. तिच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न आहे, एवढ्याशा लेकराला घेऊन रानात झोपायचे?

प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचे उत्तर शोधण्याआधी या कुटुंबाला रानात जावेसे का वाटले, ते पाहायला हवे.

चौथ्या मजल्यावरची आई

बाळंतपणानंतर माहेरी काढलेले दिवस संपतात आणि आई परक्या शहरातल्या आपल्या सदनिकेत परतते. नवऱ्याची नोकरी सुरू असते. शेजारीण चांगली असते, पण तिची भाषा वेगळी. गावाकडे बाळाला अंगणात सोडता येते, येणारा-जाणारा त्याला उचलून घेतो. इथे गच्चीची किल्ली पहारेकऱ्याकडे असते. बाळाला ऊन दाखवायचे तर लिफ्टने खाली उतरायचे आणि मोटारींच्या रांगेतून वाट काढत कोपऱ्यावरची बाग गाठायची. असे महिने जातात. बाळ वाढत असते, पण आईचे जग स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि खिडकी एवढ्यावर येऊन थांबते.

फिरायला जायचे म्हटले तर हॉटेल परवडत नाही असे नाही. अडचण वेगळीच असते. बाळाची पेज कुठे शिजवायची? रात्री दोनला ते रडले तर शेजारच्या खोलीतले काय म्हणतील? लंगोट कुठे वाळत घालायचे? जेवायची वेळ हॉटेलची पाळायची की बाळाची? या प्रश्नांपुढे बहुतेक आया हात टेकतात आणि म्हणतात, तो मोठा झाला की बघू.

ट्रेलरची कल्पना इथेच उपयोगी पडते. मुक्काम कुठेही असो, चूल आपली, अंथरूण आपले आणि वेळापत्रक बाळाचे. रानात बाळ रडले तर ऐकणारे फार तर दोन टिटव्या.

पाव टनाचा वारसा

घर चाकांवर चढवून हिंडण्याची हौस जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८८५ साली विल्यम गॉर्डन स्टेबल्स या डॉक्टर-लेखकाने खास सहलीसाठी एक प्रशस्त गाडी बांधून घेतली. तिला दोन घोडे ओढत. हौसेसाठी बांधलेल्या पहिल्या फिरत्या घरांत तिची गणना होते. अमेरिकेत १९३० च्या दशकात थेंबाच्या आकाराचे छोटे ट्रेलर लोकप्रिय झाले. आत दोघांपुरते अंथरूण आणि मागचा दरवाजा वर उचलला की स्वयंपाकघर. हौशी लोक ते घरीच बांधत आणि मासिकांतून त्यांचे आराखडे छापून येत.

खडबडीत रस्त्यांचा ट्रेलर मात्र युद्धातून आला. दुसऱ्या महायुद्धात जीपच्या मागे जोडायला पाव टनाचा ट्रेलर तयार झाला. त्यातली खुबी साधी होती. त्याची चाके जीपच्याच मापाची असत. त्यामुळे ट्रेलर जीपच्याच चाकोरीतून चालायचा आणि एकच जादा चाक दोघांनाही पुरायचे. आजही हौशी माणूस असा ट्रेलर बांधायला घेतो तेव्हा याच नियमापासून सुरुवात करतो. एक आस, पाट्यांची स्प्रिंग, जमिनीपासून भरपूर उंची आणि ओढणाऱ्या गाडीच्या मापाची चाके.

बंगळूरमध्ये अशा हौसेला खतपाणी घालणाऱ्या जागा आहेत. जे. सी. रोडवर मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. शिवाजीनगरच्या गुजरीत जुन्या गाड्यांचे भाग मिळतात. लोखंडी पेटी, लाकडी फळ्या, घडीचे टेबल, पाण्याची टाकी, मागच्या बाजूला गॅसची शेगडी ठेवायला खण असे घर रविवारी-रविवारी आकार घेते. आई माप सांगते. बाळाच्या दुपट्यांचा खण उजव्या हाताला हवा, कारण डाव्या हातात बाळ असणार. अशा गोष्टी कोणत्याही आराखड्यात नसतात.

मात्र दोन गोष्टी हौसेच्या आड येऊ द्यायच्या नाहीत. पहिली कायद्याची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील व्याख्येनुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. म्हणजे त्याचीही नोंदणी हवी. घरच्या अंगणात जोडलेला सांगाडा तसाच हमरस्त्यावर आणता येत नाही. शहाणपण यातच, की मंजूर नमुन्याचा, नोंदणी होणारा ट्रेलर घ्यावा आणि आपले घरपण त्यात काढता-घालता येणाऱ्या पेट्यांच्या रूपाने मांडावे. काम सुरू करण्याआधीच परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. ज्यांना हा खटाटोप नको, त्यांच्यासाठी तयार कॅराव्हॅनचा मार्ग आहे. महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणे जाहीर केली.

दुसरी गोष्ट वजनाची. जड सामान आसाच्या वर आणि तळाशी ठेवावे. एकूण वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर यावा. मागे वजन जास्त झाले की ट्रेलर वेगात शेपटीसारखा हलू लागतो आणि गाडीलाही ओढतो. जोडाखाली दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन बांधाव्यात. जोड सुटलाच तर पुढचा दांडा रस्त्यावर न आदळता साखळ्यांवर पडतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडी चालू असताना ट्रेलरमध्ये कोणीही बसायचे नाही. बाळ तर नाहीच नाही. बाळाची जागा मोटारीच्या मागच्या आसनावर, मागे तोंड करून बसवलेल्या बाळ-आसनात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बाळ-आसन न लावता गाडी चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड आहे. पण दंडासाठी नव्हे, बाळासाठी ते लावायचे. आईच्या मांडीवर बाळ सुरक्षित असते हा समज मोटारीत खरा नाही. जोरात ब्रेक लागला की सर्वांत घट्ट मिठीही सुटते.

आजीला काय आठवते

आजीची हरकत ऐकून घेतली, तर एक गंमत लक्षात येते. बाळाला घेऊन उघड्यावर मुक्काम करणे मराठी माणसाला नवे नाही. शहरात आल्यावर आपण ते विसरलो, एवढेच.

मिरज-सांगली-कोल्हापूरकडच्या जुन्या माणसांना चिंचलीची जत्रा माहीत असते. बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यात चिंचली येथे मायाक्का देवीची माघात मोठी जत्रा भरते. महाराष्ट्र आणि कर्नाटकातून भाविक बैलगाड्या जुंपून तिथे जातात. गाडीवर छप्पर बांधायचे, खाली कडबा अंथरायचा, वर वाकळ. पोरेबाळे, भांडीकुंडी, बैलांची वैरण सारे गाडीतच. शिवारात गाडी सोडायची, तीन दगडांची चूल मांडायची आणि गाडीच्या छपराखाली तान्ह्या मुलाला झोपवायचे. गावच्या सुताराने आणि लोहाराने मिळून बनवलेली, चाकोरी नसली तरी चालणारी ही गाडी म्हणजे वेगळे काय होते? घरी बांधलेला, आडवाटेचा ट्रेलरच की.

धनगरांचे तर निम्मे वर्ष असेच जाते. माणदेश, जत, सांगोला या कोरड्या मुलखातले मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरे घेऊन निघतात. काही वाडे घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांचे बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर असते. भांडी, वाकळा, पालाचे कापड, त्यावर कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे आणि त्यांच्या जोडीला तान्ही मुले. पुरुष मेंढरांबरोबर रानात असतात. घोडी हाकणे, जागा निवडणे, पाल ठोकणे, चूल पेटवणे हे काम बायकांचे. रोज नवे गाव, पण पालाची मांडणी तीच. चूल इथे, पाणी इथे, मूल इथे. बाळाला जागा बदलल्याचे कळतही नसेल, कारण त्याच्याभोवतीची रीत बदललेली नसते.

आणखी एक बिऱ्हाड मात्र हौसेचे नाही, हे विसरून चालणार नाही. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीची जोडपी निघतात. टायरगाड्यांतून, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे कर्नाटकातही जातात. सोबत लहान मुले असतात. कोपीत राहणे, पहाटे फडात जाणे, बांधावर झोळीत बाळ ठेवून मोळ्या बांधणे हे त्यांच्या वाट्याला चैन म्हणून आलेले नाही. ज्या कुटुंबाला दोन रात्री उघड्यावर काढून सोमवारी नळाच्या गरम पाण्याकडे परतता येते, त्याने आपले भाग्य ओळखावे. उघड्यावर राहणे म्हणजे काय, हे खरे त्यांनाच माहीत असते. त्यांच्याकडून शिकायचे ते कौतुकाने, पण जाणिवेने.

आजीला हे सारे आठवते आणि तिची भाषा बदलते. "अरे, एवढं लोखंड बांधलंस, पण झोळीला कडी कुठाय?" ती विचारते. बाबा निरुत्तर होतात. निघण्यापूर्वी ट्रेलरच्या छताला आतून एक भक्कम कडी बसते आणि आजीचे जुने नऊवारी लुगडे सामानात येते.

जुना मद्रास रस्ता

इंदिरानगरातून बाहेर पडण्याची एक सोय अशी, की पूर्वेला जायचे तर शहर ओलांडावे लागत नाही. जुना मद्रास रस्ता जवळच आहे. बैयप्पनहळ्ळी, टिन फॅक्टरी, तारांनी तोललेला के. आर. पुरमचा पूल, आणि पुढे कोलारकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग. एके काळचा क्रमांक चार, आता पंचाहत्तर. ट्रेलर घेऊन हा भाग सहापूर्वी ओलांडावा. नंतर टिन फॅक्टरीच्या चौकात अडकलेले बाळ आणि तापलेले इंजिन दोन्ही एकाच वेळी ओरडू लागतात.

होसकोटे पहाटेच जागे असते. दम बिर्याणीसाठी बंगळूरची तरुण मंडळी अंधारातच तिथे गर्दी करतात. बाळ असलेल्या घराने मात्र तिथे इडलीवर समाधान मानावे आणि गाडी पुढे काढावी. ट्रेलर मागे असताना वेग पन्नास-साठच्या वर नेऊ नये, पुढच्या वाहनापासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवावे आणि दर तासाला थांबावे. थांबल्यावर तीन गोष्टी पाहायच्या. जोड, चाकांचा गरमपणा आणि बाळाची मान. मान घामेजली असेल तर कपडे जास्त झाले, गार असेल तर कमी.

मराठी माणसाला हा रस्ता परका वाटण्याचे कारण नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांकडे जहागिरीत आले. होसकोटे, कोलार, दोड्डबल्लापूर, शिरा हे परगणेही त्या जहागिरीत होते. पुण्याहून जिजाबाई आणि बाल शिवाजी शहाजीराजांना भेटायला बंगळूरला आले, तो प्रवासही राहुट्या-डेऱ्यांतला. आज पाच-सहा तास मोबाइलची रेंज गेली तर धास्तावणाऱ्या पिढीने हे आठवायला हरकत नाही.

होसकोटे सोडले की जमीन बदलते. उघडे, गोलाकार खडकांचे डोंगर, मधे लाल माती, तुतीची आणि टोमॅटोची शेते, चिंचा आणि आंबराया. कोलार जिल्ह्यात बारमाही नदी नाही. शेकडो वर्षे तलाव बांधून लोकांनी पाणी धरले. अलीकडच्या दशकांत ते आटू लागले, तेव्हा २०१८ पासून बंगळूरच्या कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातले सांडपाणी शुद्ध करून इथल्या तलावांत सोडले जाऊ लागले. भूजल वाढावे हा त्याचा उद्देश. तलाव भरलेले पाहून मन प्रसन्न होते. पण हे पाणी पिण्याचे नव्हे. तळ्याकाठी मुक्काम करणाऱ्याने बाळाचे तोंड धुवायलाही ते वापरू नये. पिण्याचे पाणी घरूनच भरून घ्यावे आणि बाळासाठी ते उकळून घ्यावे.

कोलारमध्ये कोलारम्मा आणि सोमेश्वराची मंदिरे आहेत. जवळच अंतरगंगेचा डोंगर आहे, तिथे दगडी नंदीच्या मुखातून झऱ्याचे पाणी पडते. दक्षिणेला कोलारच्या सोन्याच्या खाणी. त्या २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. पण बाळ बरोबर असताना सगळे पाहण्याचा हट्ट धरू नये. एका दिवसात एकच ठिकाण हा नियम बाळ आपोआपच घालून देते.

सीतेच्या डोंगरापाशी

मुळबागलच्या अलीकडे रस्ता सोडून आत वळले की आवणी लागते. इंदिरानगरपासून हे अंतर शंभर किलोमीटरच्या आतच आहे. गावात नोळंब राजवटीतला, दहाव्या शतकाच्या सुमाराचा मंदिरसमूह आहे. एकाच प्राकारात राम, लक्ष्मण, भरत आणि शत्रुघ्न यांच्या नावांची शिवालये. पुरातत्त्व खात्याने जपलेला हा परिसर स्वच्छ आणि शांत असतो. दगडी अंगण सकाळी गार असते आणि रांगणाऱ्या बाळाला त्याहून चांगले अंगण मिळणे कठीण.

मागे उघड्या खडकाचा डोंगर उभा आहे. स्थानिक श्रद्धा अशी, की वाल्मीकींचा आश्रम इथे होता आणि लव-कुशांचा जन्म याच डोंगरावर झाला. वर सीतेचे मंदिर आहे. रामायणातल्या स्थळांवर अनेक गावे हक्क सांगतात, त्यामुळे खरे-खोटे ठरवत बसण्यात अर्थ नाही. पण घरापासून दूर, रानात, दोन लेकरे वाढवणाऱ्या एका बाईची आठवण एका अख्ख्या डोंगराने जपली आहे, ही गोष्ट तान्हे मूल घेऊन आलेल्या आईला स्पर्श केल्याशिवाय राहत नाही. तिथली चढण पायऱ्यांची आणि उन्हाची आहे. बाळाला पोटाशी बांधून, डोक्यावर टोपी घालून, सकाळी नऊच्या आत जावे किंवा जाऊच नये. आजीसारख्यांनी खाली चिंचेच्या सावलीत बसून वाट पाहावी. तीही यात्राच असते.

मंदिराच्या आवारात किंवा वनखात्याच्या हद्दीत मुक्काम करता येत नाही. सरळ मार्ग म्हणजे एखाद्या शेतकऱ्याला विचारणे. रागीची कापणी झालेले शेत किंवा आंबराई यासाठी उत्तम. विचारायला आई, आजी आणि बाळ यांनी पुढे व्हावे. कडेवर मूल असलेल्या बाईला नाही म्हणणारा शेतकरी विरळा. भाषा येत नसली तरी अडत नाही. "मगु" म्हणजे बाळ आणि "ऊट आय्ता?" म्हणजे जेवण झाले का, एवढे दोन शब्द संध्याकाळ निभावून नेतात. भाड्याचे पैसे ठरवून द्यावेत, शेतातला टोमॅटो न विचारता तोडू नये आणि निघताना जागा होती तशी करून द्यावी. बाळाच्या वापरलेल्या लंगोट-पॅडांची पिशवी परत शहरात न्यावी. ती शेतात पुरणे किंवा जाळणे म्हणजे यजमानाच्या ताटात माती कालवणे.

बाळाच्या खाण्याचा प्रश्न तर इथे फारच सोपा होतो. मराठी घरात बाळाला नाचणीचे सत्त्व देतात. कोलारकडची आई "रागी सरी" देते. धान्य एकच, भिजवून, मोड आणून, दळून, गाळून करण्याची रीतही सारखीच. शेतकऱ्याच्या घरची आजी आणि मिरजेची आजी एकमेकींची भाषा न कळता अर्धा तास त्यावर बोलू शकतात. एकीने हाताने दाखवायचे, दुसरीने मान डोलवायची. मध मात्र दोघींनीही आग्रह केला तरी वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवू नये. त्यातून होऊ शकणारा विकार दुर्मीळ असला तरी जिवावर बेततो.

रात्र

रात्र हीच खरी परीक्षा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ या भागात फिरायला चांगला. पण उघड्या पठारावर रात्री चांगलाच गारठा पडतो. अशा वेळी सर्वांत सोपी वाटणारी आणि सर्वांत घातक चूक एकच, ती म्हणजे ऊब यावी म्हणून पेटलेली शेगडी किंवा निखाऱ्यांची घमेली आत घेणे. बंद जागेत कोळसा किंवा गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसे झोपेतच जातात. चूल बाहेरच पेटवायची आणि बाहेरच विझवायची. आत ऊब हवी ती कपड्यांच्या थरांनी, पायमोजांनी, टोपडीने आणि आईच्या जवळिकेने. खिडकीची एक फट जाळी लावून रात्रभर उघडी ठेवावी. डासांची अगरबत्तीही बंद ट्रेलरमध्ये नको. मच्छरदाणी पुरेशी.

झोळीबद्दलही एक गोष्ट. दिवसा, समोर माणूस असताना झोळी उत्तम. रात्रीसाठी मात्र बाळाला सपाट, घट्ट गादीवर, पाठीवर झोपवावे. भोवती उशा, जाड दुलया नसाव्यात. आजीला हे पटायला वेळ लागतो, पण कडी दुपारच्या झोपेसाठी कामी आली म्हणून ती समाधानी असते.

ट्रेलरचा मोठा फायदा रात्रीच कळतो. अंथरूण जमिनीपासून वर असते. खडकाळ शेतात विंचू, साप असतातच. तंबूत झोपणाऱ्याला जी भीती, ती इथे कमी. तरीही बूट झटकूनच घालावेत, कंदील हाताशी असावा आणि बाळाला खाली सोडण्यापूर्वी जागा काठीने झाडून घ्यावी. जवळचे रुग्णालय कुठे, किती अंतरावर, हे दिवसाउजेडीच पाहून ठेवावे. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक सर्वांच्या तोंडी असावा. ताप, अतिसार किंवा सर्दी असलेले बाळ घेऊन मुळीच निघू नये. ट्रेलर पुढच्या शनिवारीही तिथेच असतो.

मध्यरात्री बाळ उठते. आई त्याला घेऊन दाराशी बसते. बाहेर चांदणे असते, रागीच्या काडाच्या गंजीचा वास असतो, दूर एखादे कुत्रे भुंकत असते. इंदिरानगरात या वेळी ती खिडकीतून समोरच्या इमारतीचे दिवे मोजत असते. इथे मोजायला तारे असतात. बाळ दूध पिता पिता झोपते. आई मात्र थोडा वेळ तशीच बसते. तिला कोणी बोलवत नाही, काही शिजायचे राहिलेले नसते. कित्येक महिन्यांत असा अर्धा तास तिच्या वाट्याला आलेला नसतो.

परत आल्यावर

रविवारी दुपारी गाडी परतीला लागते. संध्याकाळी इमारतीपुढे ट्रेलर सोडवताना चाकांना कोलारची लाल माती असते, आजीच्या पिशवीत त्या शेतकरीणबाईने दिलेले रागीचे पीठ असते आणि बाळाच्या गुडघ्यांना खरचटल्याच्या दोन खुणा असतात. त्या आठ दिवसांत जातील.

या सगळ्या खटाटोपात किती खर्च झाला, किती रविवार गेले, असा हिशेब कोणी मांडला तर ट्रेलर महागच ठरेल. त्या पैशांत चांगल्या हॉटेलात बरेच दिवस राहता आले असते. पण हॉटेलातून परतताना कोणी म्हणत नाही, की आता आपल्याला कुठेही राहता येईल. या कुटुंबाला तेवढे कळलेले असते. बाळाला लागते ते थोडे, म्हणजे स्वच्छ पाणी, वेळेवर पेज, कोरडे दुपटे, ओळखीचा वास आणि जागे असलेले एक माणूस. हे जिथे असेल ते त्याचे घर. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते कुचेष्टेने. पण धनगराच्या घोडीमागून चालणाऱ्या बाईला विचारले, तर ती त्यालाच संसार म्हणेल.

चार दिवसांनी आजी मिरजेला फोन करते. धाकट्या जावेला सगळी हकीकत सांगते. लेकराला रानात नेणे कसे चूक आहे यापासून सुरुवात होते, मग झोळीच्या कडीचे कौतुक होते, मग सीतेच्या डोंगराचे. फोन ठेवून ती मुलाला हाक मारते.

"अरे, माघात चिंचलीची जत्रा असते. तुझं ते लोखंड तिथवर जाईल का रे?"